आमेन कुणी म्हणायचं

जवाहर नगर, जयपूर
१७ नोव्हेंबर २००३

ती. दादास,
इंदूचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि तू लिहिलेली या महिन्याची बायबलवरची मननं पोचली. फोनवर तुला धड ऐकू येत नाही. तू दोनदा हं हं करतोस आणि फोन अनुसयावहिनीच्या हातात देतोस, म्हणून बातमी पत्रानंच कळवते. यांच्या तोंडून शब्द फुटले.

ऑगस्टमध्ये यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासूनचं सगळं तुला ठाऊक आहेच. पाय बराच वळणावर आला, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. उजवा हात मात्र तसाच लुळा, आणि वाचा गेली ती गेलीच. पाणी हवं असलं तरी नुसतं ते ते ते करतात. मी पाणी देते, चष्मा देते, पंखा लावते, बंद करते. मग त्यांचाच धीर सुटतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून शिट्टी न् झेंडी घेऊन अख्खी गाडी सांभाळलेला माणूस. आता त्याला काय हवंय ते बायकोला कळत नाही.

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी तुझं मनन वाचलं. पक्षाघाती माणसाला मित्रांनी छपरातून खाली सोडलं, ते. हे बरे असते तर म्हणाले असते की छप्पर दुरुस्त कुणी केलं ते सदाशिवरावांनी लिहिलेलं नाही. तेच आठवलं आणि मला रडू आलं. प्रभूची प्रार्थना सुरू केली होती ती दुसऱ्या ओळीतच अडकली. तर दादा, यांनी ती उचलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, पूर्वीच्याच आवाजात. सुरुची कणकेच्या हातांनी धावत आली. तिचा हल्ली या सगळ्यावर फारसा विश्वास नाही हे तू जाणतोस, पण बापाचा आवाज ऐकून तीही दारात उभी राहून रडली.

मी लगेच माझं नाव विचारलं. तोंड उघडलं, आणि पुन्हा ते ते. मग प्रार्थना म्हणा म्हटलं, तर पुन्हा अख्खी म्हटली. दादा, हे मला कधी इंदू म्हणाले नाहीत. स्टेशनचं नाव पुकारावं तसं पूर्ण इंदुमती म्हणायचे. लग्नानंतर मला त्याचा राग यायचा. आता तेवढंच हवंय. प्रार्थना आली तशी एक दिवस हाकही येईल, असं मी धरून चालले आहे.

वहिनीला सलाम. इथं थंडी सुरू झाली, तिळाचं गजक आलं बाजारात, कुणाबरोबर तरी पाठवीन. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
इंदू


अहमदनगर
२९ नोव्हेंबर २००३

चि. सौ. इंदूस,
दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले, मग तुझ्या वहिनीने माझ्या कानाशी मोठ्याने वाचले, म्हणजे तिसऱ्यांदा. तिने त्याच दिवशी शिरा केला आणि आळीत वाटला. मला साखर वर्ज्य असल्यामुळे मी फक्त आनंद केला.

आनंदरावांची वाचा प्रार्थनेनेच उघडावी यात मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. शुभवर्तमानातल्या जखऱ्याचे आठव. मंदिरात त्याची वाचा गेली आणि ती आली तेव्हा पहिल्याप्रथम बाहेर पडली ती देवाची स्तुती. घरची माणसे, हाका, पाणी, चष्मा हे सगळे मागाहून. क्रम तोच आहे. तू धीर सोडू नकोस. तुझी हाक वाटेत आहे. मालगाडी उशिरा येते, पण येते, हे तुला मी सांगायला नको.

खरे सांगायचे तर माझेही काम अडले आहे. गेली कित्येक वर्षे मी रोजचे मनन लिहितो ते सगळ्या भावंडांना पाठवतो खरा, पण वाचत होते एकटे तुझे यजमान. महिनाअखेरीस त्यांचे कार्ड यायचे, दहापैकी चार गुण, मेंढरे फार झाली. ऑगस्टपासून मला कोणी गुण दिलेले नाहीत.

आता एक सुचवतो, नाही म्हणू नकोस. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही. नाताळात तुमच्या तिथल्या देवळात मंडळीपुढे त्यांना उभे कर आणि साक्ष म्हणून ही प्रार्थना म्हणू दे. भाषण नको, काही नको. एवढ्याने किती घरांना बळ येईल! त्यांनाही चार माणसांत उभे राहिल्याने हुरूप येईल, आणि कोण जाणे, त्याच हुरुपात पुढचा शब्दही येईल. मी इथे आमच्या मंडळीत सांगितले आहे, आणि एक जानेवारीचे मनन यावरच लिहून ठेवले आहे.

सुरुचीला म्हणावे, मामा विचारतो आहे की सीतापुऱ्याच्या कंपनीत मराठी बोलायला बंदी आहे काय. चार ओळी लिहीत जा म्हणावे, हिंदीत लिहिल्या तरी चालतील. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण असू द्यावी.

तुझा,
सदाशिवदादा


जवाहर नगर, जयपूर
२८ डिसेंबर २००३

ती. दादास,
सलाम वि. वि.

नाताळच्या शुभेच्छा तुझ्या कार्डावर आल्या, मी काही पाठवू शकले नाही.

तू सांगितलंस तसं केलं. आधी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाठ असलेलं गाणं, प्रार्थना, आकडे, हे आपोआप बाहेर पडतं, ते बोलणं नव्हे, त्यावर आशा बांधू नका. मला त्यांचा राग आला. सुरुचीनंही सांगितलं होतं, मम्मी, पप्पांना स्टेजवर नको, मतलब लोक बघणार आणि ते काही बोलू नाही शकणार. तिलाही मी गप्प केलं. तुझं पत्र माझ्या बाजूनं होतं ना.

तुला ठाऊक आहे, इथली मंडळी हिंदी. केरळची माणसं, बांसवाड्याकडची, थोडे पंजाबी. मराठी असे आम्हीच. नाताळच्या उपासनेत पाद्रीसाहेबांनी सगळी हकिगत सांगितली आणि यांना पुढं नेलं. रेल्वेचा काळा कोट घातला होता, मीच बटणं लावली. हे उभे राहिले आणि म्हणाले, अगदी स्वच्छ. किती तरी बायकांनी डोळ्यांना पदर लावले. संपलं तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हणाले. हे मात्र खाली उतरले नाहीत. थोडे थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

दुसऱ्यांदा लोकांनी ऐकून घेतलं. पुन्हा टाळ्या झाल्या, थोड्या कमी. तिसऱ्यांदा सुरू झाले तेव्हा पाद्रीसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून बस भाईसाहब म्हटलं. हे थांबेनात. मागच्या बाकांवरची पोरं हसायला लागली. यांचा आवाज चढत गेला आणि हे बायकांच्या बाजूला पाहत राहिले, एकेका चेहऱ्यावरून. मला शोधत होते. आणि मी पदर तोंडात कोंबून मान खाली घालून बसले होते, दादा. मला त्यांची लाज वाटत होती.

शेवटी सुरुची उठली. पुढं जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली, आणि प्रार्थना संपल्याबरोबर मोठ्यानं आमेन म्हणाली. हे तिथंच थांबले. तिचा हात धरून खाली आले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरची रीत तुला ठाऊक नसेल. मुलं लहान असताना प्रार्थनेत पेंगायची, म्हणून यांनी नियमच केला होता की प्रार्थना म्हणणाऱ्यानं आमेन म्हणायचं नाही, ऐकणाऱ्यांनी म्हणायचं. कुणी म्हटलं नाही तर सगळे झोपलेत असं धरून प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून. पोरं घाबरून छप्पर उडेल एवढ्यानं आमेन ओरडायची. ती मोठी झाली, पण रीत राहिली. घरात मी इतके दिवस सवयीनं म्हणत होते म्हणून कधी लक्षातच आलं नाही. देवळात टाळ्या झाल्या, हालेलुया झालं, आमेन कुणी म्हटलं नाही. ते वाट पाहत होते. माझी.

डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, ही पण सवयच आहे. तुला काय वाटतं ते आत्ता लिहू नकोस. एक जानेवारीचं मनन कुणाला पाठवलं नसशील तर पाठवू नकोस.

इंदू


अहमदनगर
९ जानेवारी २००४

चि. इंदूस,
आशीर्वाद.

मनन सगळ्यांना पोचले आहे. पुण्याहून, नाशिकहून अभिनंदनाची पत्रे येत आहेत. सगळ्यांना खरे काय ते कळवीन. तुझ्या वहिनीने माझ्याशी बोलणे टाकले आहे आणि ते योग्यच आहे.

या आठवड्याचे लिहायला बसलो तर वाचनाच्या क्रमात पुन्हा जखऱ्याच आला. त्याची वाचा परत आली म्हणून ती गोष्ट लिहिली गेली. ज्यांची आली नाही त्यांच्या घरी जाऊन कोणी लिहिले नाही. मी इतकी वर्षे लिहितो आहे, मलाही कधी सुचले नाही. कागद तसाच ठेवला आहे.

मी आणि वहिनी येऊ का? माझा काही उपयोग नाही. बहिरा माणूस मुक्या माणसाजवळ बसून काय करणार? पण बसेन म्हणतो. उन्हात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून. तू नको म्हणालीस तर राग मानणार नाही, आणि तूही माझ्यावरची माया अगदीच आटू देऊ नकोस.

सदाशिवदादा


जवाहर नगर, जयपूर
२ फेब्रुवारी २००४

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

उत्तराला उशीर झाला. या जरूर या, होळीच्या आधी या, म्हणजे थंडी बाधणार नाही. वहिनीला म्हणावं, सांगानेरच्या दोन रजया आणून ठेवल्या आहेत. माझा तुझ्यावर राग होता, आता तितका नाही. तू सांगितलंस ते मला हवंच होतं. नको असतं तर मी तुझं एरवी कुठं ऐकते?

तुझं मनन येत नाही म्हणून मी स्वतःच शास्त्रातला वेचा वाचते आणि जमेल ते बोलते. जखऱ्याचाच वाचला. तो निदान पाटीवर लिहू शकत होता. यांचा हातही गेला. आणि मला त्यातली अलीशिबा दिसत राहिली. मुका नवरा घेऊन ती बाई महिनोन् महिने घरात कशी राहिली असेल? बाहेरच्या लोकांनी त्याला खुणा केल्या एवढं लिहिलंय. ती त्याला जेवायला वाढताना काय बोलायची ते काही नाही. असं सगळं मी यांना सांगितलं. हे ऐकत होते. गुण मिळाले नाहीत.

आता जे लिहिते ते सुरुचीला माहीत नाही. वहिनीलाही वाचू देऊ नकोस.

गेल्या गुरुवारी सुरुचीची कंपनीची बस उशिरा यायची होती. मी आणि हे दोघंच. प्रार्थना झाली, यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी आमेन म्हटलं नाही. मुद्दाम. मला वाटलं, वाट पाहून तरी चिडतील. झोपलेल्या पोरांवर ओरडायचे तसे माझ्यावर ओरडतील, आणि ओरडताना माझं नाव तोंडात येईल. रागात येतं ना माणसाच्या तोंडात. त्यांनी पुन्हा सुरू केली. संपली. पुन्हा पाहिलं. मी गप्प. पुन्हा. आवाज बसत गेला, त्या थंडीत कपाळावर घाम आला, तरी मी म्हटलं नाही. डाव्या हातानं त्यांनी माझा पदर धरला आणि ओढला, आणि म्हणतच राहिले. शेवटी नुसते ओठ हलत होते. दादा, किती वेळ मी हे केलं ते मला सांगवत नाही.

नाव आलं नाही. मी आमेन म्हटलं. ते तत्क्षणी थांबले, मान खुर्चीला टेकली आणि लहान मुलासारखे झोपले. पदर मुठीतच होता. सुरुची येईपर्यंत मी तशीच बसून होते. उठले असते तर ते जागे झाले असते.

डॉक्टर म्हणतात ती सवय असेल. असू दे. मी आता नाव मागत नाही. पण रोज संध्याकाळी प्रार्थना संपते तेव्हा मला भीती वाटते. यांचा आवाज असा दिवसातून तेवढाच ऐकू येतो, आणि तो बंद करायचा शब्द माझ्याकडं दिलाय. नाही म्हटलं तर यांना त्रास, म्हटलं की घर गप्प. मी म्हणते. लगेच म्हणते, वाट पाहायला लावत नाही.

लोभ असू द्यावा, आणि लवकर यावं.

तुझी,
इंदू