डोळे लाल, बाकी ठीक

४ डिसें., गुरु. मलकापूर
सकाळी नऊपासून स्क्रीनसमोर. पुण्याच्या कंपनीचं काम, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू. चारला लडाखहून ह्यांचा व्हिडिओ कॉल. पहिलंच वाक्य, "रडलीस काय गं?"
म्हटलं, कॉम्प्युटरनं लाल झालेत. पटलं नाही.
मार्चमध्ये पलटणीत सतरा वर्षं पूर्ण. घरी यायचं की आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची, त्याचा फॉर्म २२ला द्यायचाय. "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, बघा तुम्हीच. मूर्ख आहे मी.

९, मंगळ.
कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. "स्क्रीन बघताना पापणीच मिटत नाही तुम्ही. कोरडे पडलेत डोळे. मधूनमधून लांब बघत जा." लांब काय, ऊस. त्याच्या पलीकडं पण ऊसच.
थेंब दिलेत, दिवसातून चारदा. घातले की पाच मिनिटं डोळे बंद. पाच मिनिटं! तेवढ्यात ह्यांचं नेटवर्क येऊन जातं.

१४, रवि.
सासूबाई काशाची वाटी आणि तूप घेऊन आल्या. "पाय पुढं कर. डोळ्यातली आग तळपायातनं निगती." सासूनं सुनेचे पाय धरायचे? आवं आत्या, नको.
"गप बस. कोन बघतंय हितं?"
खरंच, कोण बघतंय. घासून घासून तूप काळं झालं. "बघ किती आग हुती!" लय खूश. किती महिन्यांनी कुणाचातरी हात लागला मला.

१८, गुरु.
कॉल. दोन वर्षांत वरचा मजला होईल, म्हणाले. तोंड थंडीनं फुटलंय, तरी हसत होते. त्या तोंडाकडं बघून 'या' म्हणवत नाही. "तुमची मर्जी."
नंतर गिऱ्हाइकाला टाइप केलं, 'आम्ही आपली गैरसोय समजू शकतो.' डोंबल समजतो.

२१, रवि.
उद्या फॉर्म. थेंब घालून बसलेली, आत्या तळपाय घासत होत्या. तेवढ्यात कॉल. त्यांनीच उचलून फोन हातात दिला.
"डोळं का मिटलेस? बघ की हिकडं."
औषध घातलंय, म्हटलं. उघडायचे नाहीत.
ह्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मी बोलून गेले. "घरी या. एकटीनं नाही हो राहवत."
आत्यांचा हात थांबला. फोनमध्ये नुसता वारा, म्हणजे कॉल चालू होता.
पाच मिनिटं कधीच झाली असतील. डोळे उघडले नाहीत.