दुपट्यावरचं नाव

नांदेड,
२ ऑगस्ट १९९७

चि. गुरुपादप्पा यास अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मुलगा झाला आणि वर्षाराणी सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. बंद केलेली नस पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन करून घेऊन, छत्तिसाव्या वर्षी तिने हे बाळंतपण निभावलं. तिचं कौतुक तुझ्या पत्रात सापडलं नाही, म्हणून मीच इथे करून ठेवते.

ही बातमी तू क्लासच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलीस, याची मात्र मला किळस आली. कागद उलटला की ओळीने मुलांचे पासपोर्ट फोटो, त्यांखाली गुण, आणि खाली फिजिक्सचे सर म्हणून तुझं नाव. लातुरात साधा कागद मिळेनासा झाला आहे का?

बाळाला माझ्या मशीनवर भरलेलं दुपटं हवं असं लिहितोस. ते मी करणारच होते. मलमल दोनदा पाण्यातून काढून वाळवली आहे. वर मलमल, खाली माझं जुनं सुती लुगडं, मधे पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. मशीनचा कापड दाबणारा पाय काढून, तिन्ही थर रिंगेत ताणून, रिंग हाताने फिरवत वेली काढते आहे. मधून सुरुवात करून कडेला जायचं, म्हणजे कापूस एका जागी गोळा होत नाही. निवृत्त झाल्यावर शिकले, पण बरं जमतं.

तू पाठवलेला नमुना मी फाडून टाकला. मधोमध स्टेथोस्कोप आणि त्याच्या कमानीत जरीच्या धाग्याने ‘डॉ. श्रीशैल’. जरी गालाला कशी लागते ते आधी स्वतःच्या गालावर घासून बघ. एवढा दाट टाका घातला तर दुपट्याचा पुठ्ठा होईल, आणि तान्ह्या मुलाला पुठ्ठ्यात गुंडाळायचं नसतं. हे झालं कामाचं. आता नावाचं.

तुझा थोरला श्रीशैल भूकंपात गेला. बारा वर्षांचा होता. या मुलाला तेच नाव ठेवायचं आणि मी आत्या म्हणून बारशाला येऊन ते त्याच्या कानात सांगायचं, असं तुझं म्हणणं. श्रीशैलच परत आला म्हणे, आणि आपल्या सिद्धम्माकाकूंनी गुडघ्याखालचा डाग बघून त्याला ओळखला म्हणे. अरे, श्रीशैलचा तो डाग जन्माचा नव्हता. माझ्या अंगणात सायकलवरून पडून झाला होता. हळद मी भरली होती. सायकलची जखम घेऊन कोणी जन्माला येतं का? आणि तू फिजिक्स शिकवतोस.

श्रीशैल यंदा अकरावीला असता, त्याची राहिलेली जागा आता हा भरून काढील, हे तुझं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि हात धुऊन आले. गेलेलं मूल म्हणजे रद्द झालेला प्रवेश नव्हे, की यादीतल्या पुढच्याला बोलवावं.

वर्षाराणीला काय वाटतं ते तू एका ओळीनेही कळवलं नाहीस. तिला वेगळं कार्ड टाकून विचारते आहे.

रागावले आहे, माया आहे तेवढीच आहे.
अक्का


लातूर,
८ ऑगस्ट १९९७

ती. अक्कांना वर्षाराणीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. बाळ अंगावर नीट पितं. मी लिहायला बसले की काकू ओरडतात, ओल्या बाळंतिणीने डोळ्यांना ताण देऊ नये म्हणून. आत्ता त्या महादेवाला गेल्यात तेवढ्यात लिहिते आहे. अक्षराला हसू नका, तुमच्यासारखी मी कॉलेजात गेलेली नाही.

रोज बायका बघायला येतात. काकू बाळाचं अंग उघडं करून सगळ्यांना गुडघा दाखवतात. काल क्लासच्या मालकांच्या घरच्या आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने बोटाला थुंकी लावली आणि डाग पुसून जातो का ते घासून बघितलं. बाळ किंचाळलं. मी न्हाणीत जाऊन उलटी केली. काकू बाहेर सांगत होत्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू बाधले.

मी नशीबवान आहे, माझंच मूल मला परत मिळालं, असं सगळ्या म्हणतात आणि मी हसते का त्याची वाट बघत बसतात. हे तर आतापासूनच त्याला श्रीशैल म्हणून हाक मारायलेत. ती हाक आली की मी दाराकडे बघते. पाळण्याकडे बघायचं माझ्या लक्षातच येत नाही.

तुम्ही विचारलंत, दुपट्यावर काय नाव घालू. कोणतंच घालू नका. माझं एवढंच मागणं आहे.

बारसं पंचवीस तारखेला, श्रावणी सोमवारी धरलं आहे. तुम्ही याल का?

तुमचा हात पाठीवर राहू द्यावा.
वर्षाराणी


नांदेड,
१६ ऑगस्ट १९९७

चि. सौ. वर्षाराणी हिस अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन घास कमी जेवले. थुंकी लावणाऱ्या त्या बाईला तू घराबाहेर का काढलं नाहीस? चांगली साडी नेसून दुसऱ्याच्या तान्ह्या मुलावर थुंकायला येणाऱ्यांना चहा कोणी पाजला? तुमच्याकडे हल्ली मुलगा जन्मला की आधी त्याचा निकाल बघतात, असं दिसतं.

बारशाला मी येणार नाही. मी आले की गुरुपादप्पा मला पाळण्यापाशी बसवणार आणि ते नाव कानात सांगायला लावणार. ते माझ्या तोंडून निघणार नाही, आणि चार माणसांत तमाशा करण्याची मला हौस नाही.

दुपटं पाठवते आहे. आमच्या शाळेतल्या लक्ष्मम्माबाई लातूरला लेकीकडे निघाल्या आहेत, त्या आणून देतील. नाव घालू नका असं तू लिहिलंस, पण कोरं दुपटं हातात पडलं की गुरुपादप्पा ते तुमच्या गावातल्या एखाद्या दुकानात नेऊन जरीने भरून आणील. मी त्याला लहानपणापासून ओळखते. म्हणून मधली जागा मीच अडवून टाकली आहे. निळ्या धाग्याने ‘आलोक’ काढलं आहे. छान सुटसुटीत नाव आहे, आपल्या घराण्यात कोणाचं नाही, त्यामुळे कोणाची आठवण निघायला नको.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. तो मी इथूनच बजावला असं समज. तू फक्त सगळ्यांसमोर सांग, की आत्याने ठेवलेलं नाव बदलत नाहीत. गप्प बसू नकोस. तुझ्या गप्प बसण्याचाही मला कधीकधी वीट येतो.

खात जा, आणि लाडवांना बदनाम होऊ देऊ नकोस.
अक्का


लातूर,
२१ ऑगस्ट १९९७

ती. अक्कास गुरुपादप्पाचा नमस्कार, वि. वि.

दुपटं मिळालं. वेली सुरेख आल्या आहेत. नाव वाचून मात्र डोकं फिरलं. हा आलोक कोण? माझ्या मुलाचं नाव तू नांदेडला बसून मशीनवर ठरवणार, आणि मला विचारणारही नाहीस?

डागाचं मलाही कळतं, अक्का. ती सायकल मीच घेऊन दिली होती.

तुला माहीत आहे, त्या दिवशी मी गावी नव्हतो. या क्लासच्या नोकरीचं बोलायला लातूरला आलो होतो. परत गेलो तेव्हा लोकांनी वर्षाराणीला ढिगाऱ्यातून काढलं होतं आणि त्याला पुरलं होतं. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. चार वर्षं या घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. मी घेतलं की वर्षाराणी उठून आत जाते. मला ते नाव घरात पुन्हा एकदा मोठ्याने हाक मारायचं आहे. त्याची तुला किळस येत असेल तर येऊ दे.

तू येत नाहीस, म्हणून कानात नाव काकू सांगतील.

तुझाच,
गुरुपादप्पा

कागद साधा वापरला आहे, बघून घे.


लातूर,
२८ ऑगस्ट १९९७

ती. अक्कांना वर्षाराणीचा नमस्कार, वि. वि.

बारसं झालं. बाळाचं नाव मन्मथ ठेवलं. कसं ठेवलं ते सांगते.

काकू सकाळपासून नवं लुगडं नेसून पाळण्याशी बसल्या होत्या. घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा म्हणून झाला. काकू कानात सांगायला वाकल्या तशी मी उठले. आत्या आलेली नाही, तिच्या जागी मी सांगते, असं म्हणून मीच बाळाच्या कानाला तोंड लावलं. मग मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. एकीनेही कुर्रर्र केलं नाही. काकूंनी विचारलं, मग श्रीशैल कुठं गेला. मी म्हणाले:

“श्रीशैल ह्याचा दादा हाय. त्याची जागा त्याचीच हाय, ती कुणाला द्यायची न्हाई.”

अक्का, चार वर्षांत त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं. हे बाहेर निघून गेले. बायकांनी ओट्या आवरल्या. काकू माझ्याशी अजून बोलत नाहीत, त्यामुळे घरात जरा शांत आहे. संध्याकाळी हे परत आले, बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याला सांगत बसले, तुझा दादा श्रीशैल शाळेत जायला किती रडायचा, सायकल शिकताना कसा पडायचा. मी उठून गेले नाही. मधे यांनी एक चुकीचं सांगितलं, ते मी दुरुस्त केलं.

आता दुपट्याचं. तुमचं दुपटं लक्ष्मम्माबाईंच्या हाती परत पाठवत आहे. राग मानू नका, पण मी कोणतंच नाव घालू नका असं लिहिलं होतं. तुम्हाला यांच्या वागण्याची किळस आली, ती मला पटली. मग तुम्ही वेगळं काय केलंत? नाव तेवढं वेगळं होतं. मला विचारून न विचारल्यासारखं केलंत. गप्प बसू नकोस म्हणालात म्हणून हे लिहिते आहे.

एक मागायचं आहे. आपल्यात आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, तसं दुपट्याच्या कोपऱ्यात श्रीशैलचं नाव घालाल का? दादाने धाकट्याला दिलं म्हणून. ह्यांनाही चालणार आहे. मी विचारलं.

बोलले ते पोटात घालावं आणि लवकर यावं.
वर्षाराणी


नांदेड,
१० सप्टेंबर १९९७

चि. मन्मथ यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईने वाचून दाखवावं. वडिलांनी शेजारी बसून ऐकावं, मधे बोलू नये.

तुझ्या आईचं पत्र मी दोनदा वाचलं. तिने लिहिलं ते बरोबर आहे. मला कोणी चूक दाखवलेली आवडत नाही, हे तुला पुढे कळेलच, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

पहिलं दुपटं उसवून पाहिलं. मशीनचा टाका उसवला तरी मलमलीत सुईची भोकं राहतात, आणि उजेडात धरलं की आलोक वाचता येतं. ते मी मशीनखाली अंथरलं आहे. सांडलेलं तेल चांगलं टिपतं. तुझ्यासाठी नवं केलं. वेली विरळ ठेवल्या आहेत म्हणजे मऊ राहील. मधली जागा मोकळी आहे. तिथे तुझं दूध सांडू दे, बाकी कोणी काही मांडू नये.

गार पाण्यात धुवावं, पिळू नये, सावलीत वाळवावं. खालच्या बाजूला एकही गाठ ठेवलेली नाही, सबंध दुपट्यावर गाल घासून पाहिला आहे.

डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे: ‘मन्मथला, दादा श्रीशैलकडून.’ श्रीशैलमधला ‘ल’ वाकडा आला आहे. रिंग सरकली. उसवून पुन्हा काढता आला असता. काढला नाही.

रविवारच्या गाडीने येत आहे.

तुम्हा दोघा भावांची,
आत्या