तरंगायला जाण्याआधी

मस्तगड, जालना
मंगळवार, १० एप्रिल २००७

ती. आसराअक्कांना,

गोपिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही सांगावा.

इकडे आम्ही ठीक आहोत. ठीक म्हणजे तुमच्या भावाचा उजवा हात तसाच आहे, बोलणंही तेवढंच आहे, पण भूक लागते आणि झोप लागते. नळाला आठवडा झाला पाणी नाही. तोटी उघडली की नुसती हवा निघते, तरी आम्ही सगळ्याजणी उघडून बघतो. तुमच्या वडीगोद्रीत कालव्याला पाणी सोडलं असं ऐकलं. बरं आहे तुमचं.

फोन का केला नाही म्हणाल, तर मागच्या वेळी माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला. पत्र फाडायचं म्हटलं तरी कोणाचं आहे ते आधी बघावं लागतं, आणि तेवढ्यात चार ओळी डोळ्यांखालून जातातच. चार ओळी वाचल्या की तुम्ही पुढचं वाचाल. तुम्हाला अर्धवट काही टाकवत नाही, ना ताटातलं, ना भांडण. रागावू नका, थट्टा केली.

पत्राचं कारण असं की माझी कंबर गेली. यांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, आणि तुमचे भाऊ मोंढ्यात धान्य मापणारे मापाडी होते तेव्हा जेवढे भरलेले होते तेवढेच अजून आहेत. लकव्यानं हात घेतला, वजन काही घेतलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, कमरेत काही नाही, झोप का येत नाही ते सांगा. मी काय सांगणार? झोप का येत नाही हे कळलं असतं तर झोपले नसते का?

हे सत्यशीलाला कळलं. तुमची भाची पुण्यात राहून अशी झालीय की तिला काही सांगायची सोय नाही, लगेच काहीतरी करून मोकळी होते. अंबड रस्त्यावर एक नवीन निसर्गोपचार केंद्र निघालंय. तिथं पाण्यावर तरंगवून बरं करतात म्हणे. तिनं पुण्यातूनच माझं नाव घातलं. पुढच्या बुधवारी सकाळी अकराला.

मी तिला म्हटलं, मला पोहता येत नाही.

म्हणाली, आई, पोहायचं नाही, तरंगायचं.

म्हटलं, तरंगून काय करायचं?

म्हणाली, काहीच नाही करायचं.

काहीच नाही म्हणजे काय काय नाही, असं मी विचारलं, तर ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. मला काही समजलं नाही. फोन ठेवला आणि भाजी टाकली.

मग केंद्रातल्या एका मुलीचा फोन आला. गोड बोलणारी पोरगी, पण सांगणं असं की माझं डोकं फिरलं. एक मोठी बंद पेटी असते, पलंगाएवढी, झाकणाची. तिच्यात गुडघ्याच्या खाली येईल एवढं कोमट पाणी आणि त्यात पोत्यांनी मीठ. अक्का, पोत्यांनी! इथं आम्ही प्यायच्या पाण्याला टँकरमागे पळतो आणि तिकडे चांगल्या पाण्यात मीठ ओतून ठेवतात. ते खायचं मीठ नाही, कापसावर लाल्या पडून पानं लाल झाली की दाजी जे फवारतात ना, तेच. त्यानं माणूस बुडत नाही, आपोआप वर राहतो. माणसालाही लाल्या होत असेल.

तयारी अशी सांगितली. त्या दिवशी सकाळी चहा नाही. हलकं खायचं, पोटभर नाही. डोक्याला तेल नाही. हातापायाला भेगा असतील तर त्यांवर व्हॅसलिन लावायचं, नाहीतर मीठ झोंबतं. माझ्या टाचा बघितल्या असत्या तर तिनं फोनच ठेवला असता. आधी स्वच्छ आंघोळ, मग कानात मेणाच्या गोळ्या. अंगावर कपडे किती ठेवायचे तेही सांगितलं, ते मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. मग दिवा बंद करून उताणं पडून राहायचं. तासभर.

मी हे झुंबरबाईला सांगितलं. शेजारच्या, तुम्ही ओळखता, मोठ्या आवाजाच्या. तिनं बोटांवर मोजत सगळं परत एकदा म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. ‘‘उपाशी ठिवायचं, आंघुळ घालायची, कानात बोळे घालायचे, अंधारात उतानं निजवायचं. अगं गोपिका, हे तं मेल्यावर करतेत!’’

आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून तुमच्या भावानं ‘‘बराबर, बराबर’’ म्हणून हाका मारल्या. लकव्यानंतर एवढा एकच शब्द उरलाय, माप भरल्यावर म्हणायचे तो. पाणी पाहिजे तरी बराबर, राग आला तरी बराबर. मी त्यांनाही विचारलं, जाऊ का मी? म्हणाले, बराबर. आता यातून मी काय घ्यायचं?

अजून एक गोष्ट त्या मुलीनं सांगितली होती, पण आता ते जागे झालेत. उद्या लिहिते.

बुधवार

अक्का, कालचं लिहिलेलं वाचून पाहिलं. पत्र असं लांबत चाललंय आणि मी कुंपणाबाहेरूनच हिंडतेय. ती गोष्ट लिहूनच टाकते.

ती मुलगी म्हणाली, अंगावर धातू चालत नाही, मिठानं खराब होतो. जोडवी, पाटल्या, मंगळसूत्र, सगळं काढून या. कुंकूही नको, पाण्यात उतरतं.

मी म्हटलं, मंगळसूत्र तुटलं की आमच्याकडे दोऱ्यात हळकुंड बांधतात, ते चालेल का? ती म्हणाली, मावशी, पाणी पिवळं होईल, पुढच्या माणसाचं काय? खरंच आहे. पण नवरा अंथरुणावर असताना गळा मोकळा करायचा, तासभर का होईना, हे कोणाला विचारायचं? सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. सत्यशीला म्हणते, आई, ते काळे मणी आहेत, बाबांचा श्वास नाही. तिचं बरोबर असेल. मला दोन्ही बरोबर वाटतं, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं.

झुंबरबाई म्हणाली, ‘‘घरी करून बघ जरा. जमलं तं जाय, न्हाई जमलं तं न्हाई.’’ मला पटलं. शनिवारी दुपारी हे झोपले होते. मी मोरीत जाऊन न्हाले, कुंकू पुसलं, पाटल्या काढल्या, मंगळसूत्र काढून देवापुढं ठेवलं. कानात कापसाचे बोळे घातले आणि त्यांच्या खाटेजवळच फरशीवर उताणी पडले. दार लोटलेलं होतं. फरशी गार होती. मी डोळे मिटले.

अक्का, बरं वाटलं. हे लिहायला मला कालपासून जमत नव्हतं. गळ्याला काही नाही, कानात काही येत नाही, कोणाचं काही करायचं नाही. कमरेत काही नाही असं डॉक्टर म्हणाले होते, ते त्या वेळी खरं होतं. किती वेळ गेला माहीत नाही.

डोळे उघडले तर हे माझ्याकडं बघत होते. कधीपासून, देव जाणे. कानात बोळे होते, हाक मारली असेल तरी मला आली नसेल. त्यांनी माझा गळा बघितला, कपाळ बघितलं. मग डावा हात हळूहळू वर नेला आणि स्वतःच्याच नाकासमोर धरला. श्वास लागतो का ते बघत होते, अक्का. मोकळ्या गळ्याची, पुसल्या कपाळाची बायको खाटेजवळ फरशीवर पडलेली दिसली. त्यांना वाटलं, आपण मेलो.

मी ओरडणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ओरडता आलं नाही. ते हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडानं, पण हसलेच. सुटलो, असं त्यांच्या तोंडावर होतं. आणि माझ्याकडं बघून मान हलवली, सुटलीस, असं.

मी उठले, बोळे काढले, देवापुढून मंगळसूत्र उचलून घातलं. कडी लवकर लागत नव्हती. कडी लागली आणि त्यांचं तोंड उतरलं. मग ते रडले. पोरासारखं नाही, आवाज न करता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि म्हणत राहिले, अहो, तुम्ही आहात, मी पण आहे. हे सांगून माणसाला धीर येतो की उलटंच होतं, मला कळत नव्हतं.

मी जे बघितलं ते खरंच तसं होतं का? का माझ्याच मनातलं मी त्यांच्या तोंडावर वाचलं? विचारू म्हटलं तर एकच शब्द. तेव्हापासून मी जवळ गेले की ते डाव्या हातानं मंगळसूत्र धरतात. धरून ठेवायला धरतात का ओढायला, तेही मला समजत नाही. ओढत नाहीत. नुसतं धरतात.

आता तुमचं. भाऊबिजेला तुम्ही ओवाळायला आलात, तेव्हा मी घास देत होते, ते थुंकत होते आणि मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही म्हणालात, ‘‘ढोरावानी चारून राह्यलीस माझ्या भावाला. करती म्हनून करती, मनातून न्हाई करत.’’ मी म्हटलं, ‘‘मंग न्या ना तुमच्या घरी!’’ तुम्ही ताट तसंच ठेवून एसटीला गेलात. अजून मला तुमचा राग आहे. पण तुमचं अर्धं खरं होतं. कुठलं अर्धं, ते मला रोज वेगळं वाटतं. मी मनातून करते, अक्का. आणि मनातूनच मला वाटतं की हे संपावं. ही दोन्ही एका माणसात कशी राहतात, मला माहीत नाही, पण राहतात.

त्या पेटीची मला भीती नाही. अंधाराची नाही, पाण्याची नाही. तासानं ती पोरगी दार वाजवेल आणि मला उठावंसं वाटणार नाही, याची भीती आहे. फरशीवर थोडा वेळ पडले तर मला एवढं बरं वाटलं. तिथं तासभर. उठून, अंग पुसून, साडी नेसून मी रस्त्यावर येईन. त्या रस्त्यावरून एसटी दोन्हीकडं जातात. एक जालन्याला येते. दुसरी तुमच्या गावावरून पुढं जाते. त्याच्या पुढं माझं कोणी नाही, मला कुठं जायचंही नाही, तरी शनिवारपासून माझ्या डोक्यात तीच एसटी उभी आहे.

सत्यशीलाला हे सांगता येत नाही. ती लगेच काहीतरी करेल. झुंबरबाई हसेल. तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात, म्हणून तुम्हाला सांगते. अजून किती रागावणार?

पुढच्या बुधवारी, १८ तारखेला, सकाळच्या गाडीनं या. यांच्याजवळ बसायला दुसरं कोणी मला नको. मी सांगून ठेवते. चहा कपानं देऊ नका, बशीत ओतून द्या आणि बशी त्यांच्या डाव्या हातात द्या, सांडला तर सांडू द्या. भाकरी दुधात चांगली कुस्करा. अंगावरची चादर पायाकडून काढलेली त्यांना आवडत नाही. दुपारी झोपल्याचं सोंग घेतात, आपण बोलतो ते ऐकायला. तेव्हा माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर बोला, चांगलं-वाईट काहीही. त्यांना तुमचा आवाज हवा असतो. दिवाळीपासून ते दाराकडं बघतात ते माझ्यासाठी नाही.

मंगळसूत्र मी तिथल्या कपाटात ठेवणार नाही. निघताना बाहेरच्या ओट्यावर, त्यांना दिसणार नाही असं, तुमच्या हातात देईन. रस्त्यापुरतं हळकुंड बांधीन, तेही तुमच्याच हातानं बांधा. माझ्या हाताला शनिवारी कडी धड लागत नव्हती, गाठ काय लागणार?

जाऊ नको असं लिहायला बसू नका. जा असंही नको. दोन्हीतलं काही आलं तरी मी गोंधळात पडेन. नुसत्या या.

आणि मी गेल्यावर घड्याळाकडं बघू नका. तास होईल, शिवाय परत यायला वेळ लागेल. त्याहून उशीर झाला तरी माझ्यामागं कोणाला बोलवायला पाठवू नका, फोनही करू नका. कोणी बोलावलं म्हणून मला यायचं नाही. माझी मी येईन.

तुमच्या भावाची बायको,
गोपिका