फोटोत न निघालेलं दुखणं

आई, तुझ्या कमरेबद्दल लिहायचं आहे. तू होतीस तेव्हा पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, आपण एकाच घरात होतो आणि तुला वाचताही येत नव्हतं. तू गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मी यवतमाळला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, हे तू पाहिलं नाहीस. दिवसभर लोकांच्या कमरा, गुडघे, खांदे माझ्या हाताखाली असतात. गेल्या आठवड्यात जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तुझी सगळी गोष्ट सांगावी लागेल. तेवढं बोलणं मला जमत नाही. म्हणून तुलाच लिहिते आहे.

दिग्रसच्या जिनिंगमध्ये तू कापसाच्या ढिगातून टोपली भरून यंत्राकडे न्यायचीस. शाळा सुटली की मी फाटकापाशी येऊन थांबायची. तू बाहेर येतेस, भुवयांवर कापसाचे तंतू, एक हात कमरेवर, आणि मला पाहिल्याबरोबर तो हात खाली घेतेस. दुखणं फार वाढलं तेव्हा यवतमाळला जाऊन कमरेचा फोटो काढला. आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. परतताना एसटीत तो मोठा लिफाफा दुमडू नये म्हणून तू मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरून बसली होतीस. डॉक्टर म्हणाले होते, हाडं ठीक आहेत, यात काही नाही. ते हाडांबद्दल बोलत होते. तू मात्र दुसऱ्या दिवशी मुकादमाला सरळ सांगून टाकलंस, "फोटोत काई निघालं नाई." हलकं काम मागायला गेली होतीस आणि आपल्याच तोंडानं हे सांगितलंस. मुकादम म्हणाला, "फोटोत नाई निघालं, मंग कमरेत कुठून निघालं वं बाई?" बाया हसल्या. मी फाटकात उभी होते. तूही हसलीस आणि टोपली उचललीस.

त्यानंतर तू बाहेर कमरेचं नाव काढलं नाहीस. एकदा शेजारच्या काकूंसमोर मी बोलून गेले की आईची कंबर फार दुखते, तर त्या गेल्यावर तू मला झापलंस. "चूप बसत जा वं. दुखणं काय हळदीकुंकवाले बलवाचं असते?" फक्त स्वयंपाकघरात, मी वीट तापवून फडक्यात गुंडाळून तुझ्या कमरेला लावायची तेव्हा, विचारलं तर सांगायचीस. "आज रुपयात बारा आणे." कधी आठ आणे. पूर्ण रुपया कधीच नाही. भाकरी थापून झाली की तू उठतेस, आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा भिंतीवर, मग जरा थांबून सरळ होतेस. ते थांबणं मला अजून दिसतं.

आमच्या दवाखान्यात सध्या एक अभ्यास चालू आहे. कंबरदुखी माणसाच्या सांगण्याशिवाय मोजता येते का, ते बघायचं आहे. बोटांना दोन पट्ट्या लावतात. त्यातून इतकी कमी वीज जाते की कळतसुद्धा नाही. दुखलं की कातडीतल्या घामाच्या ग्रंथी जाग्या होतात, आपल्याला घाम जाणवण्याआधीच, आणि कातडीतून वीज थोडी सोपी जाते. मग कॉम्प्युटरवरची रेषा वर चढते. आमचे सर पहिल्या दिवशीच म्हणाले, "ही रेषा दुखण्याचा पुरावा नाही. माणूस घाबरला, लाजला, त्याला उकडलं, तरी ती चढते. जपून वाचायची." सर बरोबर बोलतात. तरीही मी या कामात स्वतःहून नाव दिलं, आणि का दिलं ते सरांना सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात महागावकडच्या एका खेड्यातून एक सून आली, सोबत सासू. सून माझ्यापेक्षा लहान. मी नेहमीप्रमाणे विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? ती म्हणाली, "बारा." सासू लगेच म्हणाली, "पाहा, दहाच्या वरतं नेलं इनं." मला हसू आलं नाही. मी विचारलं, "रुपयात बारा आणे का?" तिनं मान हलवली. सासूचं चालूच होतं. "मॅडम, इले कामाच्या टायमालेच कंबर होते. जेवाले बसली का जाते. टीव्हीत दाखोते तशी खोटं पकडाची मशीन हाये न हे? लावा मंग. नाई निघालं तर उद्यापासून इनं मुकाट वावरात सोयाबीन सोंगाले याचं." सुनेनं हात पुढे केले. पट्ट्या लावताना एवढंच म्हणाली, "करंट तं नाई न लागत?"

मी तिला पालथं झोपवलं आणि कमरेवर दुखतं तिथं अंगठ्यानं दाबलं. तिनं चादर मुठीत धरली. रेषा हलली नाही. पुन्हा दाबलं, तिच्या कपाळावर घाम आला, रेषा आडवीच. सासू माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. "नाई न निघालं?" तिनं विचारलं. आई, त्या 'निघालं' शब्दानं मी पुन्हा जिनिंगच्या फाटकात होते.

"बाहेर बसा," मी सासूला सांगितलं, "अजून झालेलं नाही." मग सुनेचे हात उलटे करून पाहिले. कापूस वेचून आणि विळा धरून बोटांची कातडी दगडासारखी झालेली, भेगांमध्ये काळं बसलेलं. जिथं घामच नीट येत नाही अशा घट्ट्यावर मी पट्टी लावली होती. ही चूक मशीनची नव्हती, आमची होती. कातडी पाहून घ्यावी हे आम्हाला कोणाला सुचलंच नाही. तळपायाच्या आतल्या बाजूला, जो भाग चालताना जमिनीला टेकत नाही, तिथं कातडी मऊ राहते. तो पाय मी धुतला, पुसला, कूलर सुरू केला, तिला पाणी दिलं आणि रेषा शांत होईपर्यंत काही केलं नाही. मग पट्ट्या पायाला लावून आधी पाठीत वर, जिथं दुखत नव्हतं तिथं, तेवढ्याच जोरानं दाबलं. रेषा जरा हलून बसली. मग कमरेवर दाबलं. क्षणभरानं ती चढली, आणि चढतच गेली. खात्रीसाठी थोडं थांबून पुन्हा केलं. तसंच झालं.

सासूला आत बोलावून दोन्ही रेषा दाखवल्या. वर दाबलं तेव्हा ही, खाली दाबलं तेव्हा ही. रेषा म्हणजे सगळं दुखणं नव्हे, हेही सांगितलं, आणि आधीची आडवी रेषा हाताच्या घट्ट्यांमुळे होती हेही. महिनाभर हिनं जड काही उचलायचं नाही, असंही म्हटलं. तिनं चष्मा वर-खाली करून पाहिलं. सुनेचे हात पाहिले, मग स्वतःचे. म्हणाली, "मंग महिनाभर घरचं पाणी कोण भरन?"

"तुमचा पोरगा भरन," सून पालथी पडल्यापडल्याच म्हणाली.

"त्याची कंबर माह्यासारखी हाये. ढील्ली," सासू म्हणाली. पण उद्या सोयाबीन कापायला जायचं तिनं पुन्हा काढलं नाही. व्यायाम कसे करायचे ते मी दोघींना दाखवलं.

त्याच दिवशी सरांकडे गेले. ज्यांच्या रेषा आडव्या आल्या त्यांच्यापुढे आम्ही 'प्रतिसाद नाही' असं लिहीत आलो होतो. मी म्हटलं, यात कष्टाच्या हातांच्या बायाच जास्त असतील, त्या सगळ्यांना पुन्हा तपासायचं आहे. सर म्हणाले, परत कोण येणार, दिवसाची मजुरी बुडवून? मी म्हटलं, नाही आल्या तर मी जाईन. काही झरी जामणीच्या जंगलाकडच्या आहेत, तिथं फोन लागत नाही. रविवारी एसटीनं जाईन, मशीन पिशवीत मावते. सरांनी ती न्यायची परवानगी दिली आहे. एकीच्याही नावापुढे ते दोन शब्द मी राहू देणार नाही, निदान हात बघितल्याशिवाय नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं एक लिहिते. दोनदा दाबून माझं काम झालं होतं. पट्ट्या काढायच्या, एवढंच बाकी होतं. सासू अजून बाहेरच होती. मी पुन्हा एकदा दाबलं. सून कण्हली, रेषा वर गेली, आणि मला बरं वाटलं. ते दाबणं तिच्यासाठी नव्हतं, आई. ती सोमवारी व्यायामाला येणार आहे. त्या तिसऱ्या दाबण्याचं तिला कसं सांगायचं ते अजून ठरत नाही.