वावटळीचा पाय

मेहुणेबुवा,

काल तुमची घोडी, वावटळ, शर्यत जिंकली, तरी रेसकोर्सच्या कठड्यापाशी रोज उभे राहणारे आम्ही चौघे गप्प का, असं तुम्ही बहिणीला विचारलंत.

"पायाला थोडी सूज आहे, पण पळेल," असं तुम्हीच आमच्या घरी जेवताना म्हणाला होतात. वळणावर तो पाय लचकताना आधी आमच्यातल्या टॅक्सीवाल्याला दिसला. तिला पळताना बघून दरवेळी डोळे पुसणारा तो माणूस मटकन खाली बसला. मग बेकरीवाल्याला दिसला, मग शिंप्याला. एकमेकांची नावं आम्हाला माहीत नाहीत, पण जिंकलेली तिकिटं सगळ्यांनी तिथंच फाडली.

तुम्ही तिच्या मानेवर हात ठेवून फोटोसाठी हसत होतात. ती तीन पायांवर उभी होती.

हे पत्र पाठवणार नाही. बहिणीला तुमचं फार कौतुक आहे. तेव्हा रविवारी नेहमीसारखे जेवायला या. मी टॅक्सीवाल्याकडे जेवणार आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा