सिगारेट सोडल्याचं बक्षीस

१४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, चिमीला गोड पापा. तिचा दमा आता आटोक्यात असेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. सुट्टीत तुमच्याकडे यायला जमेलसं दिसत नाही. कारखान्यात खोक्यांची मोठी ऑर्डर आहे.

ऑर्डर काही एवढी मोठी नाही.

मध्ये मालकांनी जाहीर केलं, जो सिगारेट सोडेल त्याला एक पगार बक्षीस. ओढणारे आजारी पडतात, रजा घेतात, ते कारखान्याला महाग पडतं, असा त्यांचा हिशेब. मी विचारलं, "आणि ज्याने कधी ओढलीच नाही त्याला?"

मालक म्हणाले, "तू काय सोडणार रे?" सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं. ही मंडळी तासातासाला फाटकापाशी धूर काढायला जातात, तेव्हा त्यांची मशीनं कोण सांभाळतं? मी!

मग मीही ओढायला लागलो. सोडण्यासाठी. हसू नकोस. नाव नोंदवायचं, सोडायची, बक्षीस खिशात घालायचं. मला वाटलं, आपल्यासारखा हुशार कोणी नाही.

परवा यंत्रात फुंकायची तपासणी झाली. त्याआधीचे दोन दिवस न ओढता कसेबसे काढले आणि पास झालो. आमच्या गोंदाच्या मशीनवरचे मिशीवाले काका जन्मभर ओढत आलेले, खरोखर जिवाचा आटापिटा करत होते, ते नापास झाले. तरी मला मिठी त्यांनीच मारली. टाळ्या झाल्या. मी बाहेर आलो आणि फाटक गाठायच्या आत पेटवली.

आता मी सुटलेला की अडकलेला, तूच सांग. कारखान्याचे डॉक्टर सोडायला मदत करतात, पण त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांच्या लेखी मी सोडलेली आहे. बक्षीस परत करावं तर नोकरी जाईल, ठेवावं तर त्याचाच धूर होतोय. जिना चढताना धाप लागते. मला काही सुचत नाही.

खरं सांगू? माझ्या कपड्यांना वास येतो गं. साबण बदलून पाहिला, जात नाही. तू दार उघडशील आणि तुला बाबा आल्यासारखं वाटेल. शेवटी ते कसे खोकायचे, ते उशाशी बसून तूच ऐकलंस. आणि चिमी तर मामा दिसला की धावत येऊन गळ्यात पडते.

येऊ का? नको म्हणालीस तर वाईट वाटेल. ये म्हणालीस तर तिला जवळ घ्यायची भीती वाटेल.

तुझाच, पण दाराबाहेरचा,
धाकटा