मातामायपुढं नुकनेख

घुग्घुस,
२ ऑगस्ट २०२५

ती. कमळाआत्यास,
प्रफुलचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र लिवाचं कारण का तुझ्या फोनले रेंज फक्त तळ्याच्या पारीवर भेटते, अन् तिथी अर्धा गाव कान लावून बसते.

जिवतीची रंजीता पाहून महिना झाला. तिचे बाबा मुखरूभाऊ म्हणते, पोळ्याच्या आधी हो का नाई ते सांगा. तिच्यासाठी राजुऱ्याचं दुसरं स्थळ थांबून आहे. मले पोरगी आवडली. पण गावदेवी मातामायले विचारल्याबिगर मी आजपर्यंत कोणतं काम केलं? सिमेंटच्या कारखान्यात लागलो तवाबी तूच पोचू पुजाऱ्याकडून दाणे पाहून आणले होते. चिमटीतले तांदूळ जोडीनं निघाले तर हो, एक उरला तर नाई. यंदा मी स्वतः तीनदा येऊन विचारलं. एकदा हो आलं, एकदा नाई आलं, अन् तिसऱ्या वेळी कोंबडीनं दाणे खाल्ले.

मले वाटते, दोष मराठीचा आहे. मराठीत मी देवीपुढं 'जमलं तर, तुझी मर्जी असन तर' करत बसतो अन् सवाल राहूनच जाते. म्हणून शिफ्टच्या सुट्टीत मोबाईलवर क्लिंगॉन शिकून राह्यलो. टीव्हीवरच्या अंतराळातल्या लढवय्याईसाठी बनवलेली भाषा आहे. तिच्यात नमस्कार नाई, कृपया नाई. भेटल्याबरोबर 'नुकनेख' म्हणाचं, म्हणजे काय पाह्यजे? 'खिजा' म्हणजे हो, 'घोबे' म्हणजे नाई. निघताना 'कप्ला', म्हणजे फत्ते होवो. सगळं कागदावर लिवून देलं आहे. तूच विचारजो, तुझं ती ऐकते.

तुझा लोभ आहेच, तो या कागदापायी कमी करू नको.
तुझा,
प्रफुल


मु. पो. पोंभुर्णा,
१० ऑगस्ट २०२५

चि. प्रफुल यास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. धानाचं रोवणं झालं. कंबर गेली, पण जीभ शाबूत आहे, म्हणून बांधीत वाकल्या वाकल्या तुझे शब्द घोकले. बायाईले वाटलं मले ढास लागली. शेजारच्या हर्षानं ओवा आणून देला, तो खाल्ला.

मंगळवारी मातामायपाशी गेली. पोचूभाऊनं अट घातली, का मायले सगळ्या भाषा येते, पण दाणे मोजणाऱ्याले सवाल समजला पाह्यजे. म्हणून तुझा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. त्यात तू खाली बारीक अक्षरात लिवलं होतं, का त्या लढवय्याईनं आपले देव कवाचेच मारून टाकले म्हणते. तेबी मी भोळेपणानं वाचलं. पोचूभाऊनं घाईघाईनं मायच्या अंगावर लुगडं ओढलं अन् स्वतः आडवे उभे राह्यले. माझ्यापाशी हत्यार नाई हे पटवाले दोन नारळ लागले.

मंग मी जोरात नुकनेख म्हटलं. पोचूभाऊनं अर्थ पुन्हा विचारला. मी सांगितलं, काय पाह्यजे. ते डोळे मिटून म्हणाले, मायच विचारून राह्यली, पोराले काय पाह्यजे ते सांग.

मी दाणे न मोजताच उठली. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. मुखरूभाऊले काय पाह्यजे ते आहे, राजुऱ्यावाल्याईचं आहे, कोंबडीचंबी आहे. तुझं कुठीच नाई. आवडली म्हणते, आवडाले त भजेबी आवडते. प्रफुल, तुझी माय गेल्यापासून तुझं सगळं मीच विचारत आली. पायात काटा रुतू नये म्हणून तुले कडेवरच ठेवलं बापा, अन् तू तीस वर्षांचा झाला. चूक माझी आहे, त्याचं मले रडू येते. पण आता मी विचारणार नाई. दाणे ताटात तसेच आहे. तू जिवतीले जा.

रागावली तरी तुझीच,
कमळाआत्या


घुग्घुस,
१७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
प्रफुलचा वाकून नमस्कार. वि. वि. काल जिवतीले गेलो. मुखरूभाऊच्या किराणा दुकानात रंजीता एकटी बसली होती. मी पायरी चढलो तशी ती मान वर न करता म्हणाली, काय पाह्यजे. आत्या, हे त नुकनेखच! मी कानात यंत्र लावून महिनाभर जी भाषा शिकलो, ती ही पोरगी तराजूमागं बसून दिवसभर बोलते.

मी भेदरून अर्धा किलो पोहे मागितले. तिनं देले अन् विचारलं, आणखी काय पाह्यजे. मी गूळ मागितला. मंग साबण, हळद, उदबत्ती. पिशवी भरली तरी तोंडातून खरं निघेना. मंग तिनं मान वर केली, मले ओळखलं, अन् हळूच पुन्हा तेच विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही पाह्यजे. 'जमलं तर' नाई म्हटलं, 'मर्जी असन तर' नाई म्हटलं.

ती पुड्याची गाठ बांधत बसली. मंग म्हणाली, का तिनं राजुऱ्याले नाई कळवून पंधरा दिवस झाले, बाबाले अजून सांगितलं नाई, अन् मी कोणाले विचारत बसलो होतो इतके दिवस? मी मातामायचं, तुझं, दाण्याचं सगळं सांगितलं. लय हसली. मंग न मागता पिशवीत पावभर तांदूळ टाकले अन् तुझ्यासाठी निरोप देला.

तांदूळ या पत्रासोबत गावाकडं येणाऱ्या चंदनच्या हाती पाठवून राह्यलो. ते मोजाचे नाई म्हणते. आत्याले म्हणा, खीर करा.

तुझाच, पण आता थोडा तिचाबी,
प्रफुल